स्पॅनिश शाळेवर सोडा, मराठी तुम्ही धरून ठेवा

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. आमची मुलगी पाच वर्षांची आहे. ऑगस्टमध्ये तिला इथल्या सरकारी शाळेच्या स्पॅनिश इमर्शन वर्गात, म्हणजे शाळेचे विषयच स्पॅनिशमधून शिकवतात त्या वर्गात, किंडरगार्टनला घातलं. सोडतीत नंबर लागला तेव्हा आम्हाला फार आनंद झाला होता. कार्यक्रम नव्वद-दहाचा आहे, म्हणजे नव्वद टक्के वेळ स्पॅनिश आणि दहा टक्के इंग्रजी. आम्हा दोघांनाही स्पॅनिशचा गंध नाही.

आता सहा आठवडे होत आले. ती वर्गात एक शब्द बोलत नाही असं टीचर सांगतात. घरी आली की एवढ्या-तेवढ्यावरून रडते. सकाळी 'मला तिथे काही कळत नाही, मला नाही जायचं' म्हणते. तीन वर्षांची असताना ती फक्त मराठी घेऊन प्रीस्कूलला गेली होती. तेव्हाही आधी गप्प होती, मग भराभर इंग्रजी बोलायला लागली आणि आता आमच्याशीही निम्मं इंग्रजीच बोलते. तिच्या बाबांचं म्हणणं, आता घरी इंग्रजीच बोलू या, नाहीतर इंग्रजी वाचनात मागे पडेल. शिवाय स्पॅनिशची शिकवणी लावू या. सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारतात, 'पोरीला धड मराठी येत नाही, त्यात ही तिसरी भाषा कशाला?' मला रात्री झोप लागत नाही. तिला काढून साध्या वर्गात घालावं का?
– एक आई

उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आत्ता काढू नका, निदान हे शालेय वर्ष पुरं होऊ द्या. आणि त्याहून ठामपणे सांगते, घरातलं मराठी बंद करून इंग्रजी सुरू करू नका. तुमच्या पत्रात मला काळजीची खरी जागा दिसली ती स्पॅनिश नव्हे आणि इंग्रजी तर नव्हेच. 'आता आमच्याशीही निम्मं इंग्रजीच बोलते' असं तुम्ही ओघात लिहून गेलात, तिथे मी थांबले. त्याबद्दल सविस्तर लिहिते, पण आधी तिच्या गप्प बसण्याकडे वळू, कारण तुमची झोप त्याने उडवली आहे.

नव्या भाषेच्या वर्गात आलेलं लहान मूल सुरुवातीला गप्प राहतं. काही मुलं दोन-चार आठवड्यांत बोलू लागतात, काहींना कित्येक महिने लागतात. मूल बोलत नसलं तरी त्याचे कान काम करत असतात. कोणता आवाज कोणत्या हालचालीबरोबर येतो, टीचर काय म्हणाल्या की सगळे उठतात, कोणत्या गाण्यानंतर डबा उघडायचा, हे सगळं ते टिपत असतं. समजणं आधी येतं आणि बोलणं बरंच मागून येतं. तुमच्या मुलीने तीन वर्षांची असताना हेच केलं होतं, तुम्हीच लिहिलंय. फक्त मराठी घेऊन गेली, आधी गप्प राहिली, मग एकदम बोलती झाली. म्हणजे एक परकी भाषा कानाने पकडायची आणि तयारी झाल्यावर तोंड उघडायचं, ही तिची रीत आहे आणि ती एकदा यशस्वी झाली आहे. ज्यांच्या घरी फक्त इंग्रजी बोलतात अशी तिच्या वर्गातली मुलं हे आयुष्यात पहिल्यांदा करताहेत. तिची ही दुसरी खेप आहे.

म्हणून टीचरना 'बोलते का?' असं विचारू नका. 'सूचना पाळते का?' असं विचारा. 'वही काढा', 'रांग लावा', 'गोल करून बसा' हे ऐकून ती इतरांबरोबर उठते का? सुरुवातीला ती शेजारच्या मुलाकडे बघून उठेल, आणि तेही चांगलंच आहे, कारण तिला वर्गाची घडी समजते आहे असा त्याचा अर्थ. काही आठवड्यांनी ती कुणाकडे न बघता उठेल. गाण्यात हातवारे करते का, चित्र दाखवल्यावर बोट ठेवते का, हेही विचारा. ही प्रगती आवाज करत नाही, म्हणून पालकांच्या नजरेतून सुटते.

इमर्शनच्या टीचरही याच हिशोबाने शिकवतात. त्या हातवारे करतात, चित्रं आणि वस्तू दाखवतात, तेच वाक्य त्याच वेळी रोज म्हणतात आणि दिवसाचा क्रम शक्यतो बदलत नाहीत. किंडरगार्टनमध्ये मूल इंग्रजीत उत्तर देऊ शकतं, टीचरना ते समजतं, त्या फक्त स्पॅनिशमध्ये पुढे बोलत राहतात. तुमच्या मुलीला हे कदाचित माहीतच नसेल. टीचर स्पॅनिशच बोलतात म्हणजे आपणही स्पॅनिशच बोललं पाहिजे, येत नसेल तर गप्प बसलं पाहिजे, अशी समजूत पाच वर्षांची मुलं सहज करून घेतात. तिला स्पष्ट सांगा: 'तुला इंग्रजीत बोललेलं चालतं, टीचरना सगळं कळतं.' टीचरनाही विनंती करा की त्यांनी एकदा तिला बाजूला घेऊन हेच सांगावं.

आणि चार वाक्यं मात्र तिला आजच शिकवा. अभ्यास म्हणून नाही, तिची अडचण होऊ नये म्हणून. 'पुएदो इर आल बान्यो' म्हणजे मी बाथरूमला जाऊ का. 'नो एन्तिएन्दो' म्हणजे मला कळलं नाही. 'मे दुएले' म्हणत दुखतं तिथे हात ठेवायचा. 'आयूदा, पोर फावोर' म्हणजे मदत करा. खेळता खेळता बाहुलीच्या तोंडून म्हणवून घ्या. ज्या मुलाला बाथरूमला जायचं कसं विचारावं हे ठाऊक नसतं, त्याचा अख्खा दिवस त्या एका धास्तीत जातो, आणि 'मला नाही जायचं'च्या मागे कधी कधी एवढंच असतं.

आता घरी आल्यावरचं रडणं. सकाळपासून दुपारपर्यंत अनोळखी भाषेत लक्ष देऊन बसणं हे फार थकवणारं काम आहे. मोठ्या माणसाला परक्या भाषेतल्या तासाभराच्या बैठकीनंतर डोकं जड होतं, हिला तर पाच-सहा तास काढायचे असतात. शाळेत ती स्वतःला आवरून धरते आणि तुमच्याजवळ आली की सोडते, कारण तिथे सोडता येतं. त्या वेळी प्रश्न विचारू नका. आधी खायला द्या, जवळ बसू द्या, थोडा वेळ काहीच करू नका. शाळेनंतरचे क्लास या सहामाहीत शक्य तितके कमी करा. रात्री अर्धा तास लवकर झोपवा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण नाच, पोहणं असं काही आठवड्यात चालू असेल तर त्यातलं तिला मनापासून आवडतं तेवढंच ठेवा.

याच कारणासाठी शिकवणीला माझा विरोध आहे. पहिल्या वर्षी तर नकोच. दिवसभर स्पॅनिश ऐकून आलेल्या मुलीला संध्याकाळी पुन्हा स्पॅनिशला बसवलं तर ती भाषा तिला शिक्षेसारखी वाटू लागेल. स्पॅनिश शिकवणं शाळेचं काम आहे आणि ते करायला शाळेकडे कित्येक वर्षं आहेत. आणखी एक कृपा करा: पाहुण्यांसमोर किंवा व्हिडिओ कॉलवर 'आजीला स्पॅनिशमध्ये म्हणून दाखव बघू' असं म्हणू नका. जे मूल अजून भाषा जमवत आहे, त्याला मंचावर उभं केलं की ते आणखी मिटून जातं. ती आपणहून गाणं गुणगुणली तर ऐका, आनंद दाखवा आणि तिथेच सोडा.

आता बाबांच्या भीतीकडे येते, कारण ती खोटी नाही. नव्वद-दहाच्या कार्यक्रमात किंडरगार्टनला जवळपास सगळा वेळ स्पॅनिश असतो, मग दरवर्षी इंग्रजीचा वाटा वाढत जातो आणि चौथी-पाचवीपर्यंत दोन्ही भाषा निम्म्या-निम्म्या होतात. वाचायला मूल आधी स्पॅनिशमध्ये शिकतं. इंग्रजी वाचन पद्धतशीरपणे बहुधा दुसरी-तिसरीत सुरू होतं, ते शाळेगणिक बदलतं. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं इंग्रजी वाचनात ही मुलं शेजारच्या साध्या वर्गातल्या मुलांच्या मागे दिसतात. हे अपेक्षितच आहे. अमेरिकेत राज्याच्या वाचन-गणिताच्या परीक्षा तिसरीपासून सुरू होतात, आणि तिसरीचा निकाल हातात पडला की अनेक इमर्शन पालकांचा धीर सुटतो. तुम्हाला हे आजच माहीत असलं तर तेव्हा तुमचा सुटणार नाही.

पुढे काय होतं याचा एक चांगला अभ्यास आहे. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराच्या सरकारी शाळांमध्ये इमर्शनच्या जागा सोडतीने दिल्या जात. त्यामुळे नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं यांची तुलना प्रामाणिकपणे करता आली, कारण 'हौशी पालकांची मुलं मुळात हुशारच असतात' हा आक्षेप तिथे उरत नाही. रँड या संशोधन संस्थेने 2015 मध्ये निष्कर्ष मांडले: इंग्रजी वाचनात इमर्शनची मुलं पाचवीत सुमारे 7 महिने आणि आठवीत सुमारे 9 महिने पुढे होती. गणित आणि विज्ञानात फरक आढळला नाही, म्हणजे फायदाही नाही आणि तोटाही नाही. मी हे आकडे आश्वासन म्हणून देत नाही. तुमच्या मुलीच्या शाळेत काय होईल ते शिक्षकांवर आणि शाळेवर अवलंबून राहील. पण 'स्पॅनिशमुळे इंग्रजी जातं' ही भीती धरून बसायला आधार नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

हा प्रयोग नवाही नाही. कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावी 1965 मध्ये इंग्रजी घरांतल्या पालकांनी आग्रह धरून आपल्या मुलांसाठी फ्रेंच किंडरगार्टन सुरू करवून घेतलं. त्याच धर्तीवर 1971 मध्ये तुमच्याच राज्यात, लॉस एंजेलिसला लागून असलेल्या कल्व्हर सिटीत, अमेरिकेतला पहिला स्पॅनिश इमर्शन वर्ग भरला. तेव्हापासून पिढ्या पार पडल्या. या वर्गांतून बाहेर पडलेल्या मुलांचं स्पॅनिश ऐकण्या-वाचण्यात फार चांगलं होतं, बोलण्यात आणि व्याकरणात चुका राहतात, आणि इंग्रजी त्यांना येतंच. इंग्रजी येणार कसं नाही? मैदानावर मुलं इंग्रजी बोलतात. दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये, पडद्यावर इंग्रजी आहे. कॅलिफोर्नियात वाढणाऱ्या मुलाला इंग्रजीपासून दूर ठेवायचं म्हटलं तरी ठेवता येणार नाही.

मराठीचं तसं नाही. तुमच्या मुलीच्या जगात मराठी फक्त तुमच्या घरात आहे. तुम्ही दोघं बोलणं थांबवलंत की ती भाषा तिच्यासाठी संपली. कुठलीही शाळा ती परत आणून देणार नाही. बाबा जो उपाय सुचवताहेत, त्यात जी भाषा आपोआप येणार आहे तिच्यासाठी, एकदा गेली की येणार नाही ती भाषा खर्ची पडते. शिवाय त्याने हेतूही साधत नाही. मुलांच्या भाषा डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत राहत नाहीत. गोष्ट कशी उलगडते, 'कारण' आणि 'म्हणून' यांनी विचार कसा जोडायचा, मोठं-लहान, आधी-नंतर, अर्धं-पाव या कल्पना ज्या भाषेत पक्क्या होतील त्या दुसऱ्या भाषेत उचलल्या जातात. टोरांटो विद्यापीठाचे जिम कमिन्स यांनी आयुष्यभर हेच मांडलं. खेळताना लागणारी बोलीभाषा मुलं साधारण दोन वर्षांत पकडतात, पण धडा समजून घ्यायला लागणारी भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांनी परदेशातून आलेल्या मुलांच्या अभ्यासातून दाखवलं. ती दुसरी, अवघड भाषा बळकट व्हायला घरची भाषा समृद्ध असणं मदतीचं ठरतं. म्हणजे तुमच्या मुलीला स्पॅनिशमध्ये मदत करायची तुमच्याकडची सगळ्यात चांगली वस्तू तुमच्याकडे आधीच आहे.

मराठी बोला म्हणजे काय, हेही सांगते, कारण 'जेवायला ये, हात धू, बूट काढ' एवढ्या मराठीने हे होत नाही. रोज रात्री मराठीतून वाचून दाखवा किंवा गोष्ट सांगा, आणि मध्येच थांबून विचारा: 'आता हा काय करेल? का बरं?' भाजी चिरताना, कपडे घड्या घालताना मोजा, तुलना करा, अंदाज बांधा. ती इंग्रजीत उत्तर देईल, देऊ द्या. तुम्ही तेच उत्तर मराठीत म्हणून पुढे चालू ठेवा. 'मराठीत बोल' असं दरडावू नका. टीचर तिच्या इंग्रजी उत्तराला स्पॅनिशमध्ये पुढे नेतात, तेच तुम्ही मराठीत करायचं. दिवसभरात काय झालं हे तिला सांगायचं असेल आणि शब्द स्पॅनिश किंवा इंग्रजी आला तर तो राहू द्या. तीन भाषांची खिचडी काही वर्षं चालेल, तिला घाबरू नका.

शाळेतलं गणित स्पॅनिशमध्ये होतं म्हणून तुमच्या हातून गेलं असं समजू नका. दहाचे गट करणं, एकाने वाढवणं, कमी-जास्त ओळखणं हे मराठीत खुशाल करा. कल्पना कळली की स्पॅनिश आकडे तिला शाळेत मिळतील.

एका गोष्टीचा तुम्हाला आनंद वाटेल. मराठी घरातलं मूल स्पॅनिशमध्ये काही बाबतीत पुढे सुरू करतं. स्पॅनिशमधले त आणि द हे आपल्या त-द सारखे दातांवर जीभ टेकवून येतात आणि प, त, क हे हवेच्या झोताशिवाय उच्चारतात. फक्त इंग्रजी येणाऱ्या मुलांना हे वळण मुद्दाम लावावं लागतं. नामाला लिंग असतं, विशेषण त्याप्रमाणे बदलतं, क्रियापदाच्या शेवटावरून कोण बोलतंय ते कळतं, वडीलधाऱ्यांसाठी वेगळं सर्वनाम असतं, हे सगळं तुमच्या मुलीच्या कानाला मराठीमुळे आधीच ठाऊक आहे. आणि वाचायला शिकवतात ती पद्धत तर तुम्ही पाहताक्षणी ओळखाल. 'मा, मे, मी, मो, मू' असं एकेका व्यंजनाला पाच स्वर लावत जायचं, ही आपली बाराखडीच. स्पॅनिशमध्ये स्वरांचे उच्चार ठरलेले असतात, इंग्रजीसारखे शब्दागणिक बदलत नाहीत. त्यामुळे मुलं एकदा अक्षरं जुळवू लागली की झपाट्याने वाचतात. तुम्हाला स्पॅनिश येत नसलं तरी दोन-तीन संध्याकाळी बसून हे उच्चार शिकलात तर तिचं वाचन ऐकताना ती कुठे अडखळली ते तुम्हाला कळेल. अर्थ ती तुम्हाला सांगेल, आणि तो तिने मराठीत सांगितला तर सोन्याहून पिवळं.

इंग्रजीच्या बाबतीत एक गोंधळ होईल, तो आधी सांगून ठेवते. इंग्रजीत ज्या अक्षराला 'ई' म्हणतात ते स्पॅनिशमध्ये 'ए' असतं, आणि इंग्रजीतलं 'आय' स्पॅनिशमध्ये 'ई' असतं. तुमची मुलगी इंग्रजी शब्द स्पॅनिश कानाने लिहील आणि बाबांना वाटेल, झालं, बिघडली. वर्गात पद्धतशीर इंग्रजी सुरू झालं की हे निवळतं. तोवर घरी इंग्रजी गोष्टींची पुस्तकंही आणा, मौजेसाठी वाचा. त्याला माझी काहीच हरकत नाही. फक्त शनिवारचा इंग्रजी वाचनाचा क्लास नको.

गृहपाठाच्या सूचना स्पॅनिशमध्ये आल्या तर आधी तिलाच विचारा, 'काय करायचंय गं?' तिला सांगता आलं नाही तर फोनवर भाषांतर करून घ्या, पण तुमच्यापुरतं. ओळ न् ओळ भाषांतर करून तिच्यापुढे ठेवायला लागलात तर ती स्पॅनिश ऐकायचं सोडून तुमच्या भाषांतराची वाट बघू लागेल. किंडरगार्टनचा गृहपाठ अर्धा राहिला तरी काही बिघडत नाही. टीचरना दोन ओळी लिहून पाठवा.

वर्गात स्पॅनिश घरांतली मुलं असतील तर त्यांच्या कुटुंबांशी ओळख वाढवा. मुलांना बागेत एकत्र भेटू द्या, वाढदिवसाला बोलवा, आयांशी बोला. मुलीला ही भाषा फक्त शाळेची न वाटता माणसांची वाटू लागेल. मात्र तुमच्या मुलीला फुकट सराव मिळावा म्हणून ती मुलं नाहीत, हे मनात असू द्या. त्यांचे आईवडील मेक्सिकोचे असतील, ग्वातेमालाचे असतील, एल साल्वादोरचे असतील, आणि त्यांचं स्पॅनिश तेवढंच खरं आहे जेवढं माद्रिदचं. तुमच्या राज्यात 1998 साली मतदानाने सरकारी शाळांतल्या द्विभाषिक शिक्षणावर मोठी बंधनं आली आणि ती 2016 च्या मतदानाने उठली. मधल्या अठरा वर्षांत ज्या घरांना आपलीच भाषा शाळेत सहज मिळाली नाही, त्या घरांतली मुलं तुमच्या मुलीशेजारी बसली असतील. तुम्ही मराठीसाठी जी तळमळ करताय तीच ती माणसं स्पॅनिशसाठी करतात. मैत्री व्हायला एवढं पुरेसं आहे.

सासूबाईंना काय सांगायचं? त्यांचा प्रश्न मला मुळीच चुकीचा वाटत नाही. मराठी धड यायला हवं हे त्या बरोबर म्हणताहेत. फक्त त्यावर उपाय स्पॅनिश बंद करणं हा नाही, त्यांना स्वतःला कामाला लावणं हा आहे. आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल लावा आणि त्यात 'शाळेत काय शिकलीस' ही चौकशी नको, आजीने गोष्ट सांगायची. एकच गोष्ट तीन-चार भागांत लांबवायची, म्हणजे पुढचा भाग ऐकायला नात स्वतः फोन मागेल. जमलं तर तुमच्या गावातल्या महाराष्ट्र मंडळात चौकशी करा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रयत्नांतून उत्तर अमेरिकेत ठिकठिकाणी रविवारच्या मराठी शाळा चालतात. पण तीही या वर्षी नको, पुढल्या वर्षी घाला. या वर्षी तिच्या दप्तरात आणखी काही ठेवू नका.

शाळेत दाखल करताना तुम्ही घरच्या भाषेचा एक फॉर्म भरला असेल, घरी कोणती भाषा बोलता असा प्रश्न असलेला. तिथे मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते, कॅलिफोर्नियात तिला एल्पॅक म्हणतात, आणि निकालाप्रमाणे मूल 'इंग्रजी शिकणारं' अशा गटात धरलं जाऊ शकतं. पुष्कळ भारतीय पालक या भीतीने तिथे इंग्रजी लिहून टाकतात. तुम्ही खरं लिहिलं असेल तर घाबरून बदलायला जाऊ नका. गटात नाव आलं तर शाळेला तिच्या इंग्रजीकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं, दरवर्षी चाचणी होते आणि इंग्रजी पुरेसं झालं की ती त्या गटातून बाहेर पडते. इमर्शनच्या वर्गात बाबांना इंग्रजीची जी काळजी आहे तिला हा एक आधारच आहे.

आता काढायचं कधी, ते. बहुतेक इमर्शन शाळांत नवीन मूल किंडरगार्टनला किंवा फार तर पहिलीत घेतात. त्यानंतर यायचं तर स्पॅनिशची चाचणी द्यावी लागते. म्हणजे आज बाहेर पडलात तर परतीची वाट जवळजवळ बंद होते. म्हणून सहाव्या आठवड्यात हा निर्णय घेऊ नये. पण काही खुणा अशा आहेत ज्यांच्यासाठी थांबूही नये. तिला मराठीतही छोटी गोष्ट समजायला, दोन सूचना एकापाठोपाठ पाळायला किंवा मनातलं सांगायला वयाच्या मानाने फार जड जात असेल, तर कानांची तपासणी करून घ्या आणि वाचा-भाषा तज्ज्ञांना दाखवा. तीही अडचण अनेक भाषांमुळे येत नाही. दोन किंवा तीन भाषांनी भाषेचा विकार होत नाही, हे त्या क्षेत्रातल्या तज्ज्ञांचं स्पष्ट मत आहे, म्हणून कुणी 'एक भाषा कमी करा' म्हटलं तर ऐकू नका. जी मुलगी वर्गात इंग्रजीतही बोलत नाही, मैदानावरही बोलत नाही, ओळखीच्या मुलांशीही बोलत नाही आणि हे महिनोन्महिने तसंच राहतं, तिथेही मदत घ्या, कारण ती भाषेची गोष्ट राहत नाही. रोज सकाळी पोटात दुखणं, झोप उडणं, आधी सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं, कुणाच्या नावाने घाबरणं, यांतलं काही दिसलं तर टीचरशी त्याच आठवड्यात बोला. कधी कारण स्पॅनिश नसतं, शेजारी बसणारा मुलगा असतो.

पालकसभा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असेल. दोघांनी मिळून जा, बाबांनी तर जावंच. इंग्रजी वाचन नेमकं कोणत्या इयत्तेत आणि आठवड्यातून किती वेळ सुरू होतं ते विचारा. वाचनात मूल अडलं तर मदत स्पॅनिशमध्ये मिळते की इंग्रजीत, आणि ती द्यायला शाळेत कोण आहे, ते विचारा. मुलीला वर्गात कुणाशेजारी बसवलं आहे आणि ती मैदानावर कुणाबरोबर असते, ते विचारा. हे शेवटचं उत्तर टीचरना लगेच देता आलं नाही, तर दोन आठवडे लक्ष ठेवून सांगा अशी विनंती करा. मैदानावर ती जिच्याबरोबर असते त्या मुलीला एकदा घरी खेळायला बोलवा. पाच वर्षांच्या मुलाला शाळेत ओढून नेणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथे वाट बघणारी एक मैत्रीण.

बाबांना हे पत्र वाचायला द्या. डिसेंबरच्या सुट्टीआधी ती कशी आहे ते मला जरूर कळवा.